कट-ऑफ नसलेली अ‍ॅडमिशन

मावशीनं मम्मीच्या नावानं अमेरिकेच्या एफ-४ व्हिसाचा अर्ज भरला तेव्हा मी पाळण्यात होते. साल २००५. सख्ख्या भावंडांसाठीच्या या व्हिसाला भारतीयांची रांग एवढी मोठी आहे की मधल्या काळात घरातले सगळे तो अर्ज विसरूनही गेले. २०२३ मध्ये आमचा नंबर लागला. मुंबईला मेडिकल झालं, कॉन्सुलेटमध्ये मुलाखत झाली, आणि सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनचं, म्हणजे ई अँड टीसीचं, पहिलं वर्ष नुकतंच संपवलेली मी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात, फ्रीमॉन्टला मावशीच्या घरी येऊन पोचले. पप्पांनी साखर कारखान्यातली वजनकाट्यावरची नोकरी सोडली होती. त्यांना इथं एका गोडाऊनमध्ये रात्रपाळी मिळाली.

दोन वर्षांनी मी इथल्या कम्युनिटी कॉलेजमधून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या तिसऱ्या वर्षाला गेले. इथं तिला सगळे नुसतं 'यूसी' म्हणतात. आमच्यासारख्या उशिरा आलेल्या घरांतल्या आया मला गाठून विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय. त्यातला कागदपत्रांचा भाग कष्टाचा आहे, पण समजण्यासारखा आहे. जे समजायला मला फार वेळ लागला ते वेगळंच होतं.

आधी गावाकडचं कॉलेज सोडण्याबद्दल. नो ड्यूजच्या फॉर्मवर लायब्ररी, वर्कशॉप, केमिस्ट्री लॅब, होस्टेल, जिमखाना, सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. जिमखान्याची पायरी मी वर्षभरात चढले नव्हते, तरी तिथल्या सरांना शोधून काढावं लागलं. ऑफिसातल्या क्लार्कनी 'पुढच्या तीन वर्षांची फी भरल्याशिवाय एलसी मिळत नाही' असं सांगून पाहिलं. पप्पांनी ते लेखी मागितल्यावर विषय तिथंच मिटला. एलसी, मायग्रेशन, दोन सेमिस्टरच्या मार्कशीट अशी जाडजूड फाइल घेऊन आम्ही निघालो. गंमत म्हणजे अमेरिकेत एलसी मला आजवर कुणी मागितलेली नाही. आपल्याकडे एलसीशिवाय पोरगं एका शाळेतून दुसऱ्या शाळेत सरकत नाही. इथं एकाच वेळी दोन कॉलेजांत नाव घालता येतं, आणि पुढं मी ते घातलंही.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय, हे पप्पांना समजावणं सोपं गेलं. मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या लोकांना समजावणं अवघड गेलं. एका काकूंनी मला तोंडावर विचारलं, "म्हणजे आयटीआयसारखं का गं?" त्यांची मुलं इथंच शिकलेली, बारावीनंतर थेट यूसीत गेलेली. त्यांच्या दृष्टीनं मी मागच्या दारानं शिरणार होते. पण हे दार राज्यानंच बांधलंय. कॅलिफोर्नियाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये ठरलं की पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करून पुढची दोन विद्यापीठात करता आली पाहिजेत. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत, प्रवेशाला परीक्षा नाही, आणि यूसीचं धोरण असं की बारावीनंतरच्या दर दोन मुलांमागं एक ट्रान्सफर घ्यायचा. यूसीत ट्रान्सफर होऊन येणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं या कॉलेजांतलीच असतात. माझ्या वर्गात सैन्यातून परतलेला एक जण होता, दोन मुलांची आई होती, रेस्टॉरंटमध्ये पंधरा वर्षं भांडी घासून आता नर्सिंग करायला आलेले एक आजोबा होते. आपल्याकडे वयानं एवढी सरमिसळ असलेला वर्ग मी फक्त संगणक टायपिंगच्या क्लासला पाहिला होता.

पैशाचं गणित मात्र नीट कळायला हवं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात सेमिस्टरच्या एका युनिटला ४६ डॉलर पडतात, आणि उत्पन्न कमी असेल तर तेही माफ होतात. पण ग्रीन कार्ड हातात असलं तरी राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याशिवाय रहिवासी धरत नाहीत. तोवर फी त्याच्या कित्येक पट. आमच्या पहिल्या वर्षाची फी मावशी आणि काकांनी भरली. पप्पा ती अजून फेडतायत, आणि काका दर वेळी नको म्हणतायत.

पहिल्याच महिन्यात काउन्सेलरकडे गेले. काउन्सेलर हा या सगळ्या प्रकरणातला मोठा माणूस. तुमचा शिक्षणाचा आराखडा तो बनवून देतो. आमच्या बाई मेक्सिकन वंशाच्या, स्वतः याच वाटेनं गेलेल्या. माझ्या मार्कशीट त्यांनी उलटसुलट करून पाहिल्या आणि दोन गोष्टी सांगितल्या. एक, अर्जात हे कॉलेज दाखवावंच लागेल. जगात कुठंही एक विषय जरी शिकला असशील तरी लपवता येत नाही, आणि ग्रेड जसे छापलेत तसेच भरायचे, दहापैकीच्या सीजीपीएचं चारपैकी आपण करत बसायचं नाही. दोन, त्या मार्कांवर पुढचा जिना उभारू नकोस. कॅलिफोर्नियातल्या कुठल्या कॉलेजचा कुठला विषय कुठल्या कॅम्पसला चालतो, याची सरकारी यादी 'असिस्ट' नावाच्या साइटवर आहे, पण त्या यादीत सांगली नाही. बाहेरच्या देशातल्या विषयांचं काय करायचं ते प्रवेश मिळाल्यावर त्या-त्या कॅम्पसचे लोक ठरवतात. मेजरसाठी, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयासाठी, लागणारे विषय इथंच कर, म्हणाल्या.

म्हणजे एम-वन, एम-टू मध्ये घासलेलं कॅल्क्युलस पुन्हा. चिडचिड झाली, पण त्याचा एक फायदा असा झाला की दुसऱ्या सेमिस्टरपासून मला कॉलेजच्या गणित केंद्रात ट्यूटरची नोकरी मिळाली. तिथं माझी चांगलीच जिरली. इंटिग्रल दिसलं की सुटत होतं, पण समोरचा 'असंच का?' म्हणायचा आणि मी गप्प. आम्हाला 'हा टाइप आला की ही सबस्टिट्यूशन' एवढंच पाठ होतं. त्या खुर्चीवर बसून मी कॅल्क्युलस खरं शिकले, तासाचे पैसे घेऊन.

असिस्टच्या यादीनं माझे दीड वर्ष ठरवले. मला कॉम्प्युटर सायन्स हवं होतं. एका कॅम्पसला सी प्लस प्लस लागतं, दुसऱ्याला जावा चालतं. एकाला डिस्क्रीट मॅथ्स आधी करून यायला हवं, दुसऱ्याला ते नसलं तरी चालतं पण फिजिक्सचे सगळे भाग हवेत. एक विषय आमच्या कॉलेजात कधीच उघडला नाही, तो मी शेजारच्या गावातल्या कॉलेजात संध्याकाळी केला. भिंतीवर एक तक्ता लावला होता, आडवे कॅम्पस, उभे विषय. मम्मीला इंग्रजी वाचायला जड जातं, पण हिरवी खूण म्हणजे झालं, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि सेमिस्टर संपलं की ती स्वतः खूण करायची. शिवाय इंग्रजी लेखनाचे दोन विषय सगळ्यांनाच सक्तीचे. आमच्याकडचं 'कम्युनिकेशन स्किल्स' त्यात धरतच नाहीत.

आता टॅगबद्दल, म्हणजे 'ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी'बद्दल, कारण आपल्या लोकांना याचीच माहिती कमी असते. यूसीच्या पदवीच्या नऊ कॅम्पसपैकी सहा, म्हणजे डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांताक्रूझ, कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना आधीच हमी देतात. ठरलेले विषय, ठरलेला जीपीए पूर्ण करा, आम्ही घेतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो असली हमी देत नाहीत. हमी एकाच कॅम्पसची घेता येते, अर्ज फक्त सप्टेंबरात, आणि त्याला फी नाही. पण बारीक अक्षरं वाचायची. सांता बार्बराच्या इंजिनिअरिंग कॉलेजला टॅग नाही. सांताक्रूझनं कॉम्प्युटर सायन्स टॅगमधून वगळलंय. ज्या विषयाला गर्दी, तिथून हमी हळूहळू पळते.

मी मर्सेडचा टॅग घेतला. मर्सेड हा यूसीचा सगळ्यात धाकटा कॅम्पस, मावशीनं आमचा अर्ज भरला त्याच वर्षी सुरू झालेला. भोवताली शेती. मंडळातल्या मंडळींनी नाव ऐकून चेहरे केले. पप्पांना मात्र ते आवडलं. एका रविवारी आम्ही गाडीनं बघायला गेलो तेव्हा ते कॅम्पसपेक्षा वाटेतले पाटाचे कालवे आणि बदामाच्या बागा जास्त बघत होते. "पाणी कुठनं आणलंय बघ," एवढंच म्हणाले.

मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात. एकच फॉर्म, त्यात हवे तेवढे कॅम्पस निवडायचे, दर कॅम्पसला ८० डॉलर. उत्पन्न कमी असेल तर चार कॅम्पसची फी माफ होते. आम्ही चार माफीतले आणि एक पैसे भरून, असे पाच निवडले: मर्सेड, डेव्हिस, सॅन डिएगो, लॉस एंजेलिस, बर्कली. शिफारसपत्रं नाहीत, प्रवेशपरीक्षा नाही. आहेत ते चार प्रश्न, प्रत्येकाला जास्तीत जास्त ३५० शब्द. ट्रान्सफरवाल्यांना एक प्रश्न सक्तीचा, की निवडलेल्या विषयासाठी तुम्ही कशी तयारी केलीत. बाकीचे तीन सात पर्यायांतून.

हे चार उत्तरांचं काम मला कॅल्क्युलसपेक्षा जड गेलं. पहिला मसुदा वाचून काउन्सेलर बाई म्हणाल्या, "यात तुझे वडील आहेत, आई आहे, मावशी आहे. तू कुठं आहेस?" मी 'आम्ही' लिहीत होते. आम्ही आलो, आम्हाला अडचण आली, आम्ही मार्ग काढला. दुसऱ्या टोकाला वर्गातल्या काहींनी विकत घेतल्यासारखे चकचकीत निबंध लिहिले होते, पहिल्याच ओळीत समुद्र आणि सूर्यास्त. यूसीवाले स्वतः सांगतात की मुलाखतीत बोलाल तसं सरळ लिहा. शेवटी गणित केंद्रातल्या खुर्चीवर लिहिलं. ई अँड टीसीतून कॉम्प्युटरकडे का वळले ते लिहिलं. एका उत्तरात मी मावशीच्या ओळखीच्या किराणा दुकानासाठी केलेला छोटा प्रोग्राम टाकला. कुठल्या मसाल्याची तारीख कधी संपते ते सांगणारा. तो प्रोग्राम काही थोर नव्हता, पण दुकानदार तो अजून वापरतात.

जानेवारीत फॉर्म पुन्हा उघडतो. डिसेंबरचे ग्रेड भरायचे, वसंतातले विषय बदलले असतील तर सांगायचे. महिनाअखेरची मुदत चुकवून चालत नाही. मार्चच्या सुरुवातीपर्यंत सरकारी मदतीचे फॉर्म, त्यात पप्पांचे आणि मम्मीचे कर भरल्याचे आकडे. मग हातात काही उरत नाही. एप्रिल संपेपर्यंत वाट.

मर्सेडचं उत्तर लवकर आलं, हो. टॅग होताच. मग डेव्हिस, हो. त्या दिवशी मम्मीनं पुरणपोळी केली, सणावाराशिवाय. उरलेल्या तिघांपैकी दोघांनी नाही म्हटलं आणि एकानं वेटलिस्टवर टाकलं. सगळे निर्णय पोर्टलवर. 'अभ्यासपूर्वक विचार केल्यानंतर' अशा धर्तीची तीन-चार सभ्य वाक्यं, खाली सही.

आणि खरी अडचण इथून सुरू झाली.

त्या रात्री इस्लामपूरहून आत्याचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न, "कट-ऑफ किती लागला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी पप्पा पाळीवरून आले, बूट काढता काढता त्यांनीही तेच विचारलं. "किती मार्कानं गेलं?" मी सांगितलं की मार्क सांगत नाहीत, यादी लावत नाहीत, नंबर नसतोच. आयुष्यभर काट्यावर बसलेला माणूस. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे वजन न दावताच ऊस माघारी लावला म्हणायचा."

नेमकं तेच मला खुपत होतं. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला कॅप राउंडची पीडीएफ लागते. प्रत्येक कॉलेज, प्रत्येक ब्रँच, त्याखाली प्रवर्गांचे रकाने: जीओपनएच, एलओपनएस, टीएफडब्ल्यूएस. प्रत्येक रकान्यात शेवटच्या मुलाचा मेरिट नंबर आणि कंसात पर्सेंटाइल. मला कॉम्प्युटर कुठं, का आणि कितीनं हुकलं ते मी आजही दशांशासकट सांगू शकते. दुःख होतं, पण त्याला माप होतं. ते माप घेऊन रडता यायचं, भांडता यायचं, पुढच्या राउंडला बेटरमेंट मागता यायचं. इथं नुसतं 'नाही'. या 'नाही'पुढं मला स्वतःला उभंच करता येईना.

मग मी आकडे शोधायला लागले. यूसी दर वर्षी मेजरनुसार तक्ता जाहीर करते: किती अर्ज, किती प्रवेश, घेतलेल्या मुलांच्या मधल्या निम्म्यांचा जीपीए कुठून कुठपर्यंत. बर्कली आणि लॉस एंजेलिसच्या कॉम्प्युटर सायन्सला ट्रान्सफरचं प्रवेशाचं प्रमाण एकेरी टक्क्यांत आहे आणि जीपीए ४.० ला जवळजवळ टेकलेला. माझा जीपीए त्या पट्ट्यात बसत होता. म्हणजे मी कमी नव्हते, तरी नाही. उलट वर्गातल्या एकाचा माझ्यापेक्षा कमी, आणि त्याला हो. मी ओळखीच्या सगळ्यांचे निकाल एका शीटमध्ये भरले. जीपीए, मेजर, कॉलेज, नोकरी करत होता का, घरात पहिलाच शिकणारा का. डेटा स्ट्रक्चर्स शिकलेली मुलगी दुसरं काय करणार. रात्री दोन वाजेपर्यंत त्यात सूत्र शोधायचे. ओळी मूठभर, आणि जे रकाने खरे महत्त्वाचे ते माझ्याकडे नव्हतेच.

या दिवसांत एक सिद्धान्त फुकट मिळतो, तोही आपल्याच लोकांकडून: 'आपण एशियन ना, म्हणून.' फोनवर, पार्किंगमध्ये, सगळीकडे. मला तो पटला नाही. कॅलिफोर्नियात १९९६ च्या प्रपोझिशन २०९ नंतर सरकारी विद्यापीठांना प्रवेश देताना वंश बघताच येत नाही. आणि ज्यांना हो आलं त्या माझ्या वर्गमित्रांत दोघं व्हिएतनामी होते, एक पंजाबी. पण हा सिद्धान्त लोकांना हवासा वाटतो. तो कट-ऑफची रिकामी जागा भरतो.

शीट घेऊन मी काउन्सेलर बाईंकडे गेले. त्यांनी ती बघितली नाही, लॅपटॉप अर्धा मिटवला. म्हणाल्या, "ते तुम्हाला एका रांगेत उभं करत नाहीत. त्यांच्याकडे या मेजरला अगदी थोड्या जागा आहेत आणि त्या भरू शकतील अशी मुलं त्याच्या कित्येक पट आहेत. तीच माणसं पुढच्या आठवड्यात पुन्हा बसली तर यादीतली बरीच नावं बदलतील." मी म्हटलं, मग हे अन्यायाचं नाही का? त्या म्हणाल्या, "असेल. पण तो तुझ्याबद्दलचा निकाल नाही."

हे वाक्य ऐकून मी लगेच शहाणी झाले असं नाही. घरी येऊन पुन्हा शीट उघडलीच. पण एक गोष्ट हलली. मी कॅपकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. तिथला दशांशापर्यंतचा आकडा मला न्याय वाटत आला होता. पण तो आकडा म्हणजे एका दिवशीच्या तीन तासांच्या सीईटीचा, वेगवेगळ्या पाळ्यांतल्या पेपरांची बरोबरी करून काढलेला पर्सेंटाइल. त्या दिवशी सर्दी झालेलीही त्यात असते. शिराळ्याहून पहाटेची एसटी पकडून सेंटरला आलेली मुलगी आणि सेंटरशेजारी राहणारी मुलगी यांचा फरक तो दाखवत नाही. इथल्या अर्जात तो फरक लिहायला निदान जागा आहे. दोन मुलांच्या आईनं तो लिहिला, आणि तिला बर्कलीनं समाजशास्त्राला घेतलं. तिच्या वेळापत्रकात बसून मी एक दिवसही काढला नसता.

तरी माझं मत असं आहे की यूसीनं नाकारलेल्या मुलाला काहीतरी सांगावं. पुरेसे विषय नव्हते, की जीपीए कमी पडला, की सगळं असूनही जागा नव्हत्या, एवढं तीन पर्यायांतलं एक जरी सांगितलं तरी किती मुलं शांत झोपतील. तिसरा पर्याय वाचून मी तरी झोपले असते.

प्रत्यक्षात सावरायला उपयोगी पडलं ते अगदी रुक्ष होतं. प्रवेश सशर्त असतो. ठरवलेले विषय पूर्ण करा, ग्रेड घसरू देऊ नका, नाहीतर आलेला 'हो' सुद्धा जातो. मे महिन्यात लिनिअर अल्जिब्राची फायनल होती आणि मॅट्रिक्सना माझ्या दुःखाशी देणंघेणं नव्हतं. दुसरं म्हणजे टॅग. एप्रिलच्या सगळ्यात वाईट दिवशीही पुढच्या वर्षाची एक खुर्ची माझ्या नावावर पक्की होती. ज्या मुलांनी 'एवढा चांगला जीपीए असताना मर्सेड कशाला' म्हणून टॅग भरलाच नव्हता, त्यांचा एप्रिल मी जवळून पाहिलाय. त्यातल्या दोघांनी अपील केलं. अपिलात नवी आणि वजनदार माहिती लागते, जुनंच पुन्हा जोरात सांगून भागत नाही. दोघांनाही पुन्हा नाही आलं. मी अपील केलं नाही. माझ्याकडे नवं काही नव्हतं. वेटलिस्टवर मात्र नाव ठेवलं. जूनमध्ये तिथूनही नाही आलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी तो मेल संध्याकाळी वाचला, आधी ट्यूटरची पाळी संपवली.

तिसरी गोष्ट मम्मीनं केली. तिनं नातेवाइकांच्या फोनवर एकच उत्तर ठरवलं: "डेव्हिसला लागली." पुढं कुणी काही विचारलं की पोळ्या लाटायच्यात म्हणून फोन ठेवायची. काय हुकलं याची यादी तिनं कुणाला दिली नाही. आत्यानं दुसऱ्यांदा कट-ऑफ विचारला तेव्हा मम्मी म्हणाली, "तिकडं काटाच नसतो, वन्सं."

मर्सेड की डेव्हिस, हे ठरवायला जूनच्या सुरुवातीपर्यंत वेळ होता. मर्सेडनं मदत थोडी जास्त देऊ केली होती. मंडळातल्यांनी डेव्हिसचं नाव मोठं म्हणून सांगितलं. पप्पांनी चौकशी केली आणि त्यांना कळलं की डेव्हिसचा जन्मच विद्यापीठाचं शेत म्हणून झालेला. ते खूश. पण माझा निर्णय झाला तो रेल्वेमुळे. कॅपिटॉल कॉरिडॉरची गाडी फ्रीमॉन्टहून थेट डेव्हिसला जाते. घरात एकच गाडी, तीही पप्पांच्या रात्रपाळीची. शनिवारी येऊन सोमवारी जाता येईल, एवढं मला पुरेसं होतं.

डेव्हिसला हो म्हटलं आणि सांगलीची फाइल पुन्हा उघडावी लागली. १ जुलैपर्यंत आधी शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात हवं. इथल्या दोन कॉलेजांचं काम ऑनलाइन पाच मिनिटांत झालं. भारतातल्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मात्र खिडकी दुपारी जेवणानंतर उघडायची, चलन वेगळ्या बँकेत भरायचं, आणि पाकिटाच्या तोंडावर शिक्का मारणारे साहेब एक दिवसाआड. माझी होस्टेलची मैत्रीण तेव्हा शेवटच्या वर्षाला जाणार होती. तिनं तिच्या परीक्षा संपवून ही खिडकी सांभाळली. तिला मी व्हिडिओ कॉलवर शिक्क्याचा कोपरा तपासायला लावला, कारण सील फाटकं दिसलं तर पाकीट परत येतं. तिनं मला त्या दिवशी दिलेल्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. कुरियर मुदतीच्या आत पोचलं.

त्या वर्षाचे थोडे युनिट डेव्हिसनं मोकळे म्हणून धरले. कॅल्क्युलस आधीच इथं झालेलं असल्यानं ते दुसऱ्यांदा मोजलं नाही. वर्कशॉप प्रॅक्टिसला, म्हणजे लाकडाचा टी-जॉइंट आणि लोखंडाला आठवडाभर कानस मारून केलेला चौकोन यांना, कुठंच जागा मिळाली नाही.

ट्रान्सफरवाल्यांचा विषय निवडायचा नंबर उन्हाळ्यात, जुन्या मुलांचं झाल्यावर येतो. अल्गोरिदमचा वर्ग तोवर भरलेला होता. नाव वेटलिस्टवर गेलं, आणि पडद्यावर शेजारीच आकडा आला: ७. मी स्क्रीनशॉट काढून पप्पांना पाठवला. रात्रपाळीतून त्यांनी लगेच फोन केला. म्हणाले, "सात ना? मग मिळतंय." सप्टेंबरच्या शेवटी कॉलेज सुरू झालं, दुसऱ्या आठवड्यापर्यंत काही मुलांनी विषय सोडला आणि माझं नाव आत गेलं.